शाळेतली पुस्तकं कपाटातून बाहेर काढायची आहेत: मांडणी, देवघेव, वाळवी, सगळ्यावर नेमकं सांगा

कपाशी_मॅडम

नमस्कार. यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याकडचं गाव. जिल्हा परिषद शाळा, वर्ग १ ते ७, पट १४२, आम्ही पाच शिक्षक. यंदा ग्रंथालयाचा प्रभार माझ्याकडे आलाय. ग्रंथपालाचं पद आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नाही.

हाताशी काय आहे ते आधी सांगते. दोन लोखंडी कपाटं, कुलूपबंद. सहा फुटी अँगलचा एक रॅक. दाखल नोंदवहीत १,१६० पुस्तकं, प्रत्यक्षात किती ते कोणी मोजलेलं नाही. त्यातली निम्म्याहून जास्त पातळ, पिना मारलेली. वेगळी खोली नाही. पाचवीच्या वर्गाची मागची भिंत (साधारण १४ फूट) आणि वऱ्हांडा, एवढीच जागा.

विचारायचं ते असं. मांडणी कशी करू? ड्युई (पुस्तकांना विषयवार अंक द्यायची पद्धत) लावावं का? तास न बुडवता देवघेव कशी बसवायची? पहिली-दुसरीत पोडावरची (पोड म्हणजे कोलामांची वस्ती) कोलाम मुलं आणि काही गोंड मुलं आहेत, त्यांच्या घरी मराठी नाही, त्यांना काय द्यायचं? आणि वाळवी. मागच्या पावसाळ्यात खालचा खण अर्धा गेला.

"मुलांना वाचनाची गोडी लावा" हे प्रशिक्षणात ऐकलंय. कसं ते सांगा.

---

ग्रंथपाल_वर्धा

मॅडम, रॅक, रंग, सजावट हे सगळं नंतर. आधी पडताळणी आणि छाटणी. ती न करता मांडणी केली की महिन्याभरात पुन्हा गठ्ठे होतात.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन्ही कपाटं पूर्ण रिकामी करा. अर्धं एक कपाट आज, अर्धं पुढच्या आठवड्यात असं करू नका. मधल्या दिवसांत पुस्तकं इकडची तिकडे होतात आणि मोजणी फुकट जाते. सतरंज्यांवर पाच ढीग घाला: मुलांना द्यायची, दुरुस्तीची, शिक्षकांची (हस्तपुस्तिका, प्रशिक्षणाचं साहित्य), जुनी पाठ्यपुस्तकं आणि निर्लेखनाची (म्हणजे नोंदवहीतून कमी करायची). शेवटचे तीन ढीग मिळून किती मोठे होतात ते बघा. मुलांची म्हणून मोजलेली बरीच पुस्तकं मुलांची नसतातच.

पडताळणीला दोघं लागतात. एकानं पुस्तकावरचा दाखल क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं नोंदवहीत शिसपेन्सिलीनं खूण करायची. क्रमांक नसलेलं पुस्तक सापडलं तर आधी शीर्षकावरून नोंदवहीत शोधा. खरंच नसेल तरच शेवटच्या क्रमांकापुढे नवीन नोंद करा आणि शेऱ्यात लिहा: "जुना साठा, पडताळणीत आढळले". इथे हमखास होणारी चूक म्हणजे जुनी नोंदवही फाटलीय म्हणून १ पासून नवी सुरू करणं. मग एकाच पुस्तकावर दोन क्रमांक येतात आणि लेखापरीक्षणात दोन्ही वह्या खोट्या ठरतात. फाटली असेल तर शिवून घ्या. एकदा दिलेला क्रमांक पुस्तक गेलं तरी दुसऱ्याला द्यायचा नाही.

काय काढायचं? फाटलेलं सगळं नाही. मुलांनी वाचून फाटलेलं पुस्तक दुरुस्त करायचं असतं. काढायचं ते चुकीचं झालेलं: सूर्यमालेत नऊ ग्रह सांगणारं (प्लूटो २००६ मध्ये त्या यादीतून निघाला), महाराष्ट्रात ३५ जिल्हे सांगणारं (पालघर १ ऑगस्ट २०१४ ला झाला), देशात २९ राज्यं दाखवणारे नकाशे (२०१९ पासून २८). शिवाय बुरशीनं काळी पडलेली, पानं चिकटून ठोकळा झालेली. एकाच पुस्तकाच्या पंधरा-पंधरा प्रती असतील तर गटवाचनाला पाच ठेवा. बाकीच्या केंद्रातल्या शेजारच्या शाळेला लेखी पोच घेऊन वापरायला द्या आणि त्यांच्याकडे जास्तीचं असेल ते घ्या. मालकी बदलत नाही, त्यामुळे नोंदवहीत फक्त शेरा.

आता मांडणी. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी विषयवार मांडणी करू नका. दुसरीतलं मूल "विज्ञान" शोधत येत नाही, ते आपल्याला वाचता येईल असं काहीतरी शोधत येतं. म्हणून वाचनपातळीचे रंग. आपल्याकडच्या बऱ्याच शालेय ग्रंथालयांत सहा रंगांची एक पद्धत चालते: हिरवा, लाल, नारिंगी, पांढरा, निळा, पिवळा, सोप्याकडून अवघडाकडे. हिरव्यात पानभर चित्र आणि दोन-चार शब्द. लालमध्ये पानाला एक-दोन ओळी. नारिंगीपासून छोटा परिच्छेद, पांढऱ्यात सलग गोष्ट पण चित्रांचा आधार, निळ्यात चित्र कधीतरीच, पिवळ्यात प्रकरणं पाडलेली लांब पुस्तकं. पातळी ठरवताना मुखपृष्ठावर छापलेल्या वयावर जाऊ नका. मधलं एक पान त्या इयत्तेतल्या मुलाला वाचायला द्या. पाचपेक्षा जास्त शब्दांना अडलं तर पुस्तक वरच्या रंगात. पंचवीस-तीस पुस्तकं अशी तपासली की तुमचा अंदाज बसतो, उरलेली नजरेनं लावता येतात.

पट्टी लावताना अडचणी येतात त्या आधीच सांगतो. पट्टी एक इंची, कण्याच्या तळापासून साधारण ३ सेंमी वर, सगळ्या पुस्तकांना एकाच उंचीवर. पिनांच्या पुस्तकाला कणा दिसत नाही, म्हणून तिथे पट्टी कण्यावरून गुंडाळून पुढच्या मुखपृष्ठावर इंचभर आणायची. पांढरी पट्टी पांढऱ्या पुस्तकावर दिसत नाही. तिच्यावर काळ्या मार्करनं आडवी रेघ मारा. लाल आणि नारिंगी ऊन लागलं की वर्षभरात एकसारखे होतात. लाल-हिरव्यातला फरक न कळणारं एखादं मूलही असू शकतं. त्यामुळे रंगावर एक आकृतीसुद्धा काढा: लालवर त्रिकोण, नारिंगीवर गोल, असं.

रंग पुस्तकाचा असतो, मुलाचा नाही. "तू लालवाला, निळ्याला हात लावू नको" हे वाक्य शाळेत ऐकू आलं की सगळी मेहनत पाण्यात. सातवीतल्या मुलानं हिरवं पुस्तक नेलं तर नेऊ द्या.

पाचवी ते सातवीसाठी माहितीची पुस्तकं वेगळी करा आणि त्यांना ड्युईचे फक्त शेकडे द्या: ५०० विज्ञान, ६०० शेती, आरोग्य आणि तंत्र, ७०० कला-खेळ, ९०० इतिहास-भूगोल-चरित्र. १,१०० पुस्तकांना याहून बारीक वर्गीकरण नको. गोष्टींना क्रमांकच नको, रंग पुरे.

शिक्का तीन ठिकाणी: शीर्षकपान, शेवटचं पान आणि एक ठरलेलं आतलं पान. सतराव्यासारखं पुढचं पान पातळ पुस्तकांत नसतंच, त्यामुळे ७ वं ठरवा.

---

रंदा_आणि_कानस

वर्धेच्या सरांनी कागदाचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो.

मॅडम, तो सहा फुटी रॅक पोट्ट्यांच्या कामाचा नाही. तिसरीतल्या पोराचा हात जेमतेम चार फुटांवर जातो. वरचे दोन खण नुसते धूळ खातात, आणि खालचा खण धरून कोणी वर चढलं तर रॅक अंगावर. त्याचे दोन करा. चारही उभे अँगल हॅक्सॉनं मधोमध कापले की तीन-तीन फुटांचे आठ होतात. पाच फळ्या आहेत, एक आणखी घ्या, म्हणजे तीन अधिक तीन. पहिली फळी जमिनीपासून ६ इंचांवर, दुसरी २१ वर, तिसरी सगळ्यात वर ३६ वर. मधे १५ इंच मिळतात, मोठं चित्राचं पुस्तकही उभं राहतं. वरच्या फळीवर पुस्तकं मुखपृष्ठ समोर करून मांडा.

कापलेली टोकं कानशीनं घासून घ्या आणि खाली प्लॅस्टिकचे बूट घाला, नाहीतर फरशीला ओरखडे आणि पोरांच्या पायाला धार. बोल्टचं डोकं बाहेरच्या अंगाला, नट आतल्या. उलटं केलं की नटाच्या धारेत फ्रॉक अडकून फाटतो. प्रत्येक कोपऱ्याला दोन बोल्ट पाहिजेत. एकच लावला तर रॅक डुलतो. भिंतीत रावळ प्लग मारून वरचा आडवा पट्टा बांधून टाका. तीन फूट फळीवर जाड पुस्तकं भरली तर वीस किलोच्या आसपास वजन होतं, त्यामुळे जाड ते खाली, पातळ ते वर.

पातळ पिनांची पुस्तकं रॅकमध्ये उभी ठेवूच नका. कणा नाही, म्हणजे नाव दिसत नाही. वाकतात, घसरतात, मागे पडतात. त्यांच्यासाठी दोन सोयी. एक, खोके: किराणा दुकानातून पुठ्ठ्याचे आणा, पुस्तकाच्या निम्म्या उंचीवर कापा, बाहेरून कागद चिकटवा, पुस्तकं तोंड पुढे करून उभी लावा. खोक्यात वीस-पंचवीसच. ठासून भरले की मूल पुस्तक ओढतं आणि मुखपृष्ठ हातात येतं. दुसरी, पाइप: चार इंची पीव्हीसी पाइप लांबीत मधोमध चिरा. तीन मीटरच्या एका पाइपाच्या दोन पन्हळी होतात. भिंतीवर दर दोन फुटांवर क्लॅम्प, एक पन्हळ दीड फुटावर, दुसरी तीन फुटांवर. एका पन्हळीत बारा-तेरा पुस्तकं मुखपृष्ठ दाखवत बसतात. वऱ्हांड्यात लावणार असाल तर पश्चिमेची भिंत सोडा. आपल्याकडचं मार्च-एप्रिलचं दुपारचं ऊन चित्र पांढरं करून टाकते.

दोरीवर पुस्तकं टांगायची फॅशन आहे, फोटोत चांगली दिसते. पण पुस्तक उघडं करून दोरीवर घातलं की पिनेजवळचा कागद फाटतो. चिमट्यानं मागचं मुखपृष्ठ तेवढं पकडा, आणि आठवड्याला पुस्तकं बदला.

आता वाळवी. ती पुस्तकातून येत नाही, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून येते. रॅक भिंतीपासून चार इंच सरकवा, खालची फळी सहा इंच वर, म्हणजे मातीची नळी चढताना डोळ्यानं दिसते. फरशीच्या सांध्यांत सिमेंट भरा. जुलै ते सप्टेंबर दर सोमवारी मागून बॅटरी मारून बघायचं. नळी दिसली की एका जागी मोडून ठेवा. दोन-तीन दिवसांत पुन्हा जोडलेली दिसली तर वाळवी जिवंत आहे, फवारणीवाला बोलवा आणि तेही सुट्टीत. नुसतं पुसून टाकलं तर ती दुसरीकडून चढते. कडुलिंबाचा पाला वाळवी थांबवत नाही. वाळून चुरा होतो, तेवढाच कचरा. डांबर गोळ्या शाळेत नकोच. बंद वर्गात त्यांचा वास डोक्यात चढतो आणि पहिलीतलं पोट्टं ती गोळी तोंडात घालू शकते.

दुरुस्ती. चिकटपट्टी कपाटातून बाद करा. मे महिन्यात ४५ डिग्रीत तिचा गोंद पाघळतो, पानं एकमेकांना चिकटतात, वर पिवळा डाग राहतो. फाटलेल्या पानाला पातळ पतंगाच्या कागदाची पांढरी पट्टी आणि थोडं पाणी घालून सैल केलेला फेव्हिकॉल. खाली-वर प्लॅस्टिकचा कागद घालून रात्रभर वजन. पिना गंजल्या की त्या उपटा आणि दोऱ्यानं शिवा. मधल्या घडीवर तीन भोकं: एक मधे, दोन कडेपासून तीन-तीन सेंमीवर. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतूनच मधलं ओलांडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. गोधडीचा जाड दोरा चालतो. सहावी-सातवीच्या पोरांना एकदा दाखवलं की करतात.

---

शेकडा_दशक

वर्धेच्या सरांशी थोडा मतभेद. ड्युईचे नुसते शेकडे देऊन थांबलं तर सातवीतून हायस्कुलात जाणाऱ्या मुलाला मोठ्या ग्रंथालयात पुन्हा सगळं नव्यानं शिकावं लागतं. तीन अंकी द्या, काही बिघडत नाही: ५२० खगोल, ५९० प्राणी, ६३० शेती, ७९० खेळ. कापसावरचं पुस्तक ६३० मध्ये आणि पक्ष्यांचं ५९० मध्ये, हे पाचवीच्या मुलाला सहज कळतं. मराठी साहित्याचा ८९१.४६ हा अंक मात्र गोष्टीच्या पुस्तकावर लिहू नका, तिथे रंगच बरा.

आणि यादी संगणकावर करायची असेल तर युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य दिसते आणि तिच्यात शोधताही येत नाही. लेखकाचं आडनाव आधी की नाव आधी हे एकदाच ठरवा. दोन्ही प्रकारे लिहिलं तर एकच लेखक दोन ठिकाणी जातो.

---

ग्रंथपाल_वर्धा

तीन अंकी चालेल, पण मुलांनी परत ठेवताना चुकायला नको. शेकडा चुकला तर पुस्तक दुसऱ्या फळीवर जातं आणि लगेच दिसतं. ५२० आणि ५९० ची अदलाबदल झाली तर महिनोन्महिने कळत नाही. रोज परत लावणारं मूल पाचवीतलं असेल तर मी शेकड्यावरच थांबेन. ज्या शाळेत पूर्णवेळ माणूस आहे तिथे तुमचं बरोबर.

---

मेळघाट_वाचन

भाषेबद्दल लिहिते. आधी एक गैरसमज काढू. कोलामी आणि गोंडी या मराठीच्या बोली नाहीत, दोन्ही द्राविडी कुळातल्या. (आमच्याकडची कोरकू तर मुंडा गटातली, म्हणजे तिसरंच घर.) त्यामुळे वऱ्हाडी बोलणारं मूल पुस्तकी मराठीला जसं महिन्याभरात सरावतं, तसं पोडावरचं मूल सरावणार नाही. त्याला "बोली सुधार" असं सांगून उपयोग नाही. त्याच्यासाठी ही दुसरी भाषा आहे.

पहिलीत हिरव्या खोक्याच्याही आधी शब्द नसलेली, फक्त चित्रांची पुस्तकं द्या. अशी दहा-बारा तरी हवीत. मुलानं चित्र बघून कोलामीत गोष्ट सांगितली तर ते वाचनच आहे, मराठीत वदवून घेऊ नका. मग रोज दहा मिनिटं प्रकट वाचन. पुस्तक आधी घरी वाचून या. बारा-सोळा पानांचंच निवडा. मुलं खाली बसलेली, पुस्तक तुमच्या खांद्याच्या बाजूला, चित्र मुलांकडे, आणि वाचताना हात स्थिर. पुस्तक हललं की मागची मुलं उठून पुढे येतात आणि गोंधळ होतो. पान उलटण्याआधी एकदाच विचारा: "आता काय होईल?" प्रत्येक पानावर प्रश्न विचारले तर गोष्ट मरते. तेच पुस्तक दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. त्या वेळी सहावीतल्या एखाद्या कोलाम मुलीला शेजारी बसवा, तुम्ही एक पान मराठीत, ती तेच पान कोलामीत. तिसऱ्या दिवशी पुस्तक खोक्यात तोंड पुढे करून ठेवा. सगळे त्याच्यावरच पडतील, म्हणून दोन प्रती असलेलं निवडा.

छापील पुस्तकांत कोलामी सापडायला कठीण. मग बनवा. मार्ग दोन आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर हजारो चित्रगोष्टी मोकळ्या परवान्याखाली आहेत, चार पातळ्यांत लावलेल्या. मराठीतल्याही भरपूर. तो परवाना भाषांतराला आणि छापायला परवानगी देतो, फक्त लेखक-चित्रकारांची नावं आणि परवान्याचं पान काढायचं नाही. छापलेल्या पानावर मराठी ओळीच्या खाली कोलामी ओळ देवनागरीत लिहून चिकटवा. वाक्य गावातल्या मोठ्या माणसाकडून तपासून घ्या. मुलांकडून घेतलेल्या ओळींत मराठी शब्द मिसळलेले असतात.

दुसरा मार्ग एका ए-फोर कागदाचा. कागद लांबीत एकदा दुमडा, मग रुंदीत दोनदा, उघडा, आठ चौकोन दिसतील. रुंदीत अर्धा दुमडून घडीच्या बाजूनं मधल्या रेघेवर एक चौकोन लांबीचा काप द्या. उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला, आठ पानांचं पुस्तक तयार, पिन नको. आजीनं सांगितलेली गोष्ट, मोहफुलं वेचण्याची पद्धत, बैलपोळा, काहीही. अशा पुस्तकांना वेगळी क्रममाला द्या (शा-१, शा-२), मुख्य दाखल नोंदवहीत घालू नका, पण शिक्का मात्र मारा. शिक्का लागला की मुलं ते खोक्यात शोधायला येतात.

एक बाब तुमच्या भागासाठी खास. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की मोठी मुलं शेतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाला. त्या दिवसांत "पुस्तक शाळेत येऊन बदलायचं" हा नियम आपोआप मोडतो. पत्र्याच्या पेटीत पंचवीस पुस्तकं, आत यादी चिकटवलेली, अशी एक पेटी पोडावर द्या, पंधरा दिवसांनी बदला. पेटी मुलाच्या नावावर नको, अंगणवाडीत ठेवा. घर बंद करून कुटुंब कामाला गेलं तर पेटी अडकत नाही.

---

कपाशी_मॅडम

खूपच कामाचं मिळालं, सगळ्यांचे आभार. रॅक कापायचं पक्कं केलं. दोन गोष्टी राहिल्या. देवघेवीचं नेमकं कसं बसवू? आणि खरी भीती वेगळीच आहे. कपाटाला कुलूप लागतं ते पुस्तकं हरवली तर वसुली आपल्याकडून होईल म्हणून. ही भीती मुख्याध्यापकांनाही आहे. शिवाय यंदा समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं ग्रंथालय अनुदान आलं तर काय घेऊ, तेही सांगा.

---

ग्रंथपाल_वर्धा

देवघेव आधी. एकच मोठी वही ठेवून "नाव, पुस्तक, तारीख, सही" असं लिहीत बसलात तर तीस मुलांना पूर्ण तास जातो. त्याऐवजी प्रत्येक वर्गाला एक तक्ता. डावीकडे मुलांची नावं हजेरीच्या क्रमानं, वर तारखा, चौकोनात फक्त पुस्तकाचा दाखल क्रमांक. परत आलं की त्या क्रमांकावर तिरकी रेघ. सही नको, शीर्षक नको. दाखल क्रमांक मुखपृष्ठावर उजव्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहिलेला हवा, म्हणजे पुस्तक उघडावंही लागत नाही. दोन टेबलं, एकावर परत, दुसऱ्यावर नवीन, प्रत्येक टेबलाला सहावी-सातवीतली दोन मुलं. तीस मुलं दहा मिनिटांत होतात. त्या मुलांची पाळी दर महिन्याला बदला, नाहीतर तीच चार हुशार मुलं वर्षभर कारकुनी करतात आणि वाचत नाहीत.

प्रत्येक वर्गाला आठवड्याला एक ठरलेला तास. पहिली दहा मिनिटं देवघेव, दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा किंवा एका पुस्तकाची ओळख करून द्या (ओळख म्हणजे अडीच मिनिटं, शेवट सांगायचा नाही), उरलेला वेळ आपापलं वाचन. वाचल्यावर सारांश लिहून आणायला सांगू नका. पाच पुस्तकांवर पाच सारांश लिहायला लागले की मूल पातळ पुस्तकच उचलतं. त्याऐवजी सांगायचं असेल त्यानं सांगावं. परत आलेली पुस्तकं लगेच फळीवर लावू नका, "आज परत आलेली" असं एक खोकं ठेवा. मुलं सगळ्यात आधी त्याच्यात हात घालतात, कारण ते दुसऱ्या कोणीतरी निवडलेलं असतं. तुमचं लावण्याचं कामही निम्मं होतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, या खोक्याइतकं स्वस्तात कुठेच पाळता येत नाही.

आता हरवण्याचं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत २१५ वा नियम ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या पडताळणीचा आहे. त्यात दरवर्षी वापरायला दिलेल्या दर एक हजार पुस्तकांमागे पाच हरवणं वाजवी धरलंय, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. एक हजार रुपयांहून महाग आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी करायचीच. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असलेल्या ग्रंथालयाची दरवर्षी पूर्ण पडताळणीही त्यातच सांगितलीय. हा नियम जिल्हा परिषदेच्या शाळेला थेट लागू होत नाही, पण ठराव लिहिताना आधार म्हणून उपयोगी पडतो. लक्षात घ्या, हजार हा आकडा साठ्याचा नाही, देवघेवीचा आहे. कुलूपबंद कपाटातून वर्षाला चाळीस पुस्तकं दिली आणि दोन हरवली तर ते जास्त. चार हजार वेळा पुस्तक दिलं आणि वीस गेली तर ते मर्यादेत. म्हणजे तुमचे वर्गतक्ते हाच तुमचा बचाव. ते फेकू नका, वर्षाअखेरीस बांधून ठेवा.

वर्ष सुरू होतानाच शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एक ठराव घ्या: पुस्तकं मुलांना घरी दिली जातील, सामान्य वापरानं फाटणं-हरवणं मान्य आहे, मुलांकडून दंड घेतला जाणार नाही. निर्लेखनाची यादी वेगळी: दाखल क्रमांक, शीर्षक, किंमत, कारण, असे रकाने. तीही समितीपुढे ठेवा, केंद्रप्रमुखांना पुस्तकं प्रत्यक्ष दाखवा, आणि अंतिम मंजुरी कोणाची ते पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला लेखी विचारा. मंजुरीचा जावक क्रमांक नोंदवहीच्या शेऱ्यात. मंजुरी हातात येईपर्यंत ढीग पोत्यात बांधून ठेवा, रद्दीत एकही पुस्तक जाऊ देऊ नका.

दंडाबद्दल माझं मत कडक आहे. दंड लावला की ज्याच्या घरी पैसे नाहीत तेच मूल पुस्तक नेणं बंद करतं. हरवलं तर त्यानं एक ए-फोर पुस्तक बनवून द्यावं, झालं.

उन्हाळ्याचंही आत्ताच ठरवा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडते, म्हणजे बंद खोलीत पुस्तकं तापतात आणि पुढे पहिल्या पावसाला वाळवी. परीक्षा संपली की प्रत्येक मुलाला दोन-तीन पुस्तकं घरी देऊन टाका. पट १४२ म्हणजे साडेतीन-चारशे पुस्तकं सुट्टीभर गावात राहतात. काही परत येणार नाहीत, पण वाळवी लागलेल्या खणापेक्षा तो आकडा लहानच राहील.

अनुदान. समग्र शिक्षेत शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये असं ठेवलंय. तुम्हाला जे मिळेल त्याचा निम्मा भाग पहिली ते तिसरीच्या पुस्तकांवर घाला, कारण सरकारी पुरवठ्यात नेमकी तीच कमी असतात. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तूलिका यांची मराठी पुस्तकं चांगल्या कागदाची आणि वाजवी किमतीची आहेत. हिंदी चालत असेल तर भोपाळच्या एकलव्यची घ्या. बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतंय, त्याची वर्गणी भरा. जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. तालुक्याच्या दुकानात "१०० पुस्तकांचा संच, ४० टक्के सूट" असं मिळतं ते टाळा. संचात तीच बोधकथा सहा नावांनी असते, कागद पारदर्शक, चित्रं कुठून तरी उचललेली. आधी प्रत्येकी एक प्रत मागवा, दोन आठवडे खोक्यात ठेवा, मुलं जे दोनदा नेतात त्याच्या प्रती वाढवा.

बिल घेताना "पुस्तके, नग ६०" असं चालवून घेऊ नका. शीर्षक, किंमत, सूट ओळीओळीनं हवी, नाहीतर दाखल नोंदवहीत किंमत कुठून लिहिणार? आणि नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय बिलावर "साठ्यात घेतले" असा शेरा मारू नका. त्या शेऱ्यासोबत पहिला आणि शेवटचा दाखल क्रमांक लिहा.

---

रंदा_आणि_कानस

मॅडम, अँगल कापायला देण्याआधी एक. तुमचा रॅकही शाळेच्या नोंदवहीत "रॅक, नग १" असा चढलेला असेल. दोन केले की तिथे मुख्याध्यापकांच्या सहीनं शेरा टाकून घ्या. आणि फळी नेताना जुनी एक सोबत न्या, १२ इंची आणि १५ इंची दोन्ही खोलीच्या मिळतात, नजरेनं सारख्याच दिसतात.